कर आणि करजो

कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचं टोक घुसून माझा उजवा डोळा गेला तेव्हा मी चौथीत होते. शाळा तिथेच थांबली. पुढचं सगळं, लग्न, शेत, पोरं, सासूचं दुखणं, डाव्या डोळ्यावर झालं. मला त्याचं कधी फार वाटलं नाही. सुईत दोरा ओवता येत होता आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय का ते दिसत होतं. आणखी काय पाहिजे?

म्हणून त्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला तेव्हा मात्र मी घाबरले. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन साधं आहे, पण तुम्हाला एकच डोळा आहे, तेव्हा नंतर महिनाभर चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. काही बिघडलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. मी मान हलवली, घरी आले आणि दोन वर्षं त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाही.

कारण माझं कामच चुलीजवळचं.

आम्ही बोरगाव मेघेतल्या सहा बायका लग्नाकार्यात लंबी रोटी करून द्यायचो. ज्याने ही रोटी पाहिली नाही त्याच्यासाठी सांगते. चुलीवर मडकं पालथं घालायचं. खाली जाळ. कणीक इतकी सैल की ती पोळपाटावर लाटताच येत नाही, हातावरच खेळवायची. परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, म्हणजे ताणली तरी ती तुटत नाही. मग ओल्या हाताने गोळा घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवायचा, तो कोपरापर्यंत लांबतो, पातळ होतो, आणि मग एका झटक्यात मडक्याच्या पाठीवर टाकायचा. टाकताना घाबरलं की रोटी फाटते. भाजली की रुमालासारखी घडी. वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर माणूस चार सहज खातो.

कामाची वाटणी अशी: दोघी जाळाजवळ, दोघी रोटी टाकायला, एक घड्या करायला. आणि परातीवर मी. परातीवर दुसरं कोणी बसलेलं मला चालत नसे. मीठ मी टाकणार, पाणी मी टाकणार, मडकी बोटाने वाजवून मी निवडणार, यजमानाशी मी बोलणार. बाकीच्यांना मी कामं सांगायची. लोक म्हणायचे, काकूची टोळी कशी शिस्तीत चालते. मलाही तसंच वाटायचं.

त्या पाच जणींत एक होती तिला आम्ही नाचणगाववाली म्हणायचो, कारण तिचं माहेर नाचणगाव. आमच्याकडे सुनांना अशीच नावं पडतात, जिथून आली ते गाव चिकटतं. बारा वर्षांपूर्वी ती टोळीत आली तेव्हा नवी सून होती, खाली मान घालून बसायची. मी तिला जाळाजवळ, माझ्या उजव्या हाताला बसवलं. माझा उजवा डोळा नाही, म्हणून त्या बाजूला भरवशाचं माणूस लागायचं. दुसरी होती सिंदीवाली, सिंदी मेघेची. तिचं तोंड तिच्या हातापेक्षा जलद चालायचं.

ऑपरेशनच्या आधीच्या हंगामात एका हळदीच्या कार्यक्रमात एक गोष्ट घडली. यजमानाला किती माणसं वाढली ते विचारायला मी उठले. उठता उठता नाचणगाववालीला म्हणाले, "जाळ कमी करजो वं," आणि गेले. यजमान बोलका होता, मला वेळ लागला. परत येते तर फाडकन आवाज. मधलं मडकं फुटलं होतं. त्याच्यावरची रोटी राखेत, खापऱ्या चुलीत, आणि नाचणगाववाली हात गुडघ्यावर ठेवून बसलेली.

"तुले सांगतलं होतं का नाई जाळ कमी कर म्हणून?"

"तुमी कर नाई म्हनलं, काकू," ती हळूच म्हणाली. "तुमी करजो म्हनलं."

"मंग? कर अन् करजो, काय फरक आहे त्याच्यात?"

"करजो म्हनजे मंग. मंग म्हनजे तुमी आल्यावर."

बाकीच्या हसल्या. सिंदीवाली तर पदर तोंडात कोंबून हसली. म्हणाली, "बरोबर आहे तिचं. काकूनं जेवजो म्हनलं की समजाव, आज उपास."

मी दोघींनाही झापलं. पण घरी येऊन अंगावरची राख धुताना ते डोक्यातून जाईना. आमच्या बोलीत 'कर' म्हणजे आत्ता कर. 'करजो' म्हणजे कर, पण पुढे, वेळ येईल तेव्हा. निघालेल्या पाहुण्याला आपण 'येजो' म्हणतो, तो काही तिथूनच परत फिरत नाही. मोठ्या माणसाला 'करजा', 'येजा', अर्थ तोच. मी आठवून पाहिलं. इतकी वर्षं मी त्या बायकांशी 'जो' लावूनच बोलत होते. पाहजो, टाकजो, उतरवजो. ऐकायला गोड लागतं. आणि त्याच्यात एक सोय आहे. 'करजो' म्हटलं की काम दिल्यासारखं होतं आणि दिलेलंही नसतं. परत येऊन आपण ते तिच्या हातातून काढून घेऊ शकतो. मी दरवेळी काढून घेत होते. मग ती माझी वाट बघत बसली यात तिचं काय चुकलं?

हे मला कळलं, पण कळलं म्हणून मी काही सुधारले नाही. दुसऱ्या कामावर पुन्हा तेच.

मग एक दिवस अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला मी म्हणाले, "बाहेर काऊन उभी, आत ये ना वं." सून दारातच होती. दुसऱ्या दिवशी तिने मला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. दोन वर्षांपूर्वी मी इथे येऊन गेले होते हे तिला तिथे समजलं. परत येताना ऑटोवाल्यासमोर तिने माझी चांगली खरडपट्टी काढली. मी ऐकून घेतली.

डॉक्टर म्हणाला होता, आता पिकला आहे, आणखी थांबाल तर मग माझ्याकडे येऊ नका. त्याने तारीख दिली. ती तारीख नाचणगावच्या लग्नाच्या तीन दिवस आधीची निघाली.

ते लग्न मी दिवाळीतच घेऊन ठेवलं होतं. मोठं शेतकऱ्याचं घर, पहिल्या मुलीचं लग्न. नवरीच्या बापाने मला अंगणात पाटावर बसवून सांगितलं होतं, "काकू, भाजी कशीई होवो, रोटी तुमच्याच हातची पायजे." मी हो म्हणून बसले होते. एप्रिलमध्ये, भर लग्नसराईत, ऐनवेळी दुसरी टोळी मिळत नाही. आम्ही गेलो नाही तर त्यांच्या मांडवात रोटी नाही, आणि आमच्या टोळीला पुढे कोणी विचारणार नाही. गेलो आणि रोटी बिघडली, तरी तेच. आणि मी ऑपरेशन पुढे ढकललं, तर डोळा नाही.

सून म्हणाली, "याच्यात विचार काय करता? डोळा एक आहे, लग्नं पुष्कळ." तिचं बरोबर होतं. मला ते आवडलं नाही एवढंच.

मी पाची जणींना घरी बोलावलं. दुपारची वेळ, अंगणात कडुनिंबाखाली बसलो. मी सांगितलं, "मी नाचणगावले येत नाई. डोया कापाचा आहे."

मग सिंदीवालीच बोलली, "मंग काय पुऱ्या तळाव का आता?"

"रोट्याच होतीन," मी म्हणाले आणि नाचणगाववालीकडे वळले. तोंडातून सवयीने निघालं, "परातीकडे तू पाहजो."

"पाहतो," ती म्हणाली. आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. माझी नजर गेलेली होती, पण तेवढं दिसलं.

"नाई, थांब," मी म्हणाले. "पाहजो नाई. परात तुह्यी."

"म्हनजे?"

"म्हनजे मीठ तुह्यं, पानी तुह्यं. मडके तू वाजव, तू निवड. कोन कुठं बसन ते तू सांग."

"अन् पीठ खराब निंगालं तं?"

पिठाचा प्रश्न नेहमीचा होता. आमच्यात रीत अशी की पीठ यजमानाचं आणि मडकी, हात आमचे. पीठ कसं निघेल ते परातीत पाणी पडेपर्यंत कळत नाही. खराब पीठ मी आजवर कितीतरी वेळा चालवून घेतलं होतं. यजमानाच्या तोंडावर नाही म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही. जास्त आपटायचं, जास्त पाणी लावायचं, रोट्या जाड काढायच्या आणि गुपचूप घरी यायचं.

"तं तू ठरव," मी म्हणाले.

"तुमाले फोन नाई करू?"

याला मला वेळ लागला. मग म्हणाले, "नको करू."

"बाप्पा!" सिंदीवाली म्हणाली. "काकूले ताप आहे का पाहा वं कोनी."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नाचणगाववालीला म्हणाले, उद्यापासून ये, पाणी किती, मीठ कधी, ते मी सांगते, आठ दिवसांत शिकशील. ती जमिनीवर बोटाने रेघ ओढत बसली होती. म्हणाली, "मले येते, काकू."

"कुठून येते?"

"दर शनवारी घरी करतो ना मी. चार वर्षं झाली. पोट्टे खातेत, हे खातेत."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं नाई."

मला राग आला. चार वर्षं ही बाई तयार होती आणि मी दोन वर्षं डोळा पिकवत बसले होते. राग तिच्यावर काढायची सोय नव्हती, म्हणून मी सुनेला चहा उशिरा आणला म्हणून बोलले.

ऑपरेशन झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अर्ध्या तासात बाहेर आणलं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला. दिसत होतं, पण पाण्याच्या तळातून पाहावं तसं. चार वेळा थेंब घालायचे, ते सून घालायची. ती थेंब घालायच्या आधी 'वर बघा' असं माझ्यावर खेकसायची, आणि मी वर बघायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंधार सरतानाच आमचा टेम्पो मडकी घेऊन गेला. मी खाटेवरून आवाज ऐकला. उठून दारापर्यंत गेले नाही. गेले असते तर काहीतरी 'जो' निघालंच असतं.

साडेआठच्या सुमारास फोन वाजला. सूनबाईने उचलून माझ्या कानाला लावला. नवरीचा बाप होता.

"काकू, नाचणगावून बोलून राह्यलो. तुमच्या बाईनं परात पालथी घातली."

परात पालथी घालणं म्हणजे आम्ही हे काम करत नाही. हे मी सत्तावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. धमकी म्हणून तोंडी बोलले असेन, केलं नव्हतं.

"काऊन?" मी विचारलं.

"म्हनते पीठ चालत नाई. घरचा गहू आहे, काकू, यंदाचा नवा, मोत्यावानी. कालच्या कामात राहून गेलं, आज सकायीच दळून आनला. अन् ही म्हनते याले तार नाई येत. पाहुने येऊन राह्यले इकडं. गावची लेक आहे ती, अन् गावातच मले अडवून राह्यली. तुमी सांगा तिले. तुमचं आयकन ती."

मागे मांडवातला बँड ऐकू येत होता. सिंदीवालीचा आवाज ओळखू आला. नाचणगाववालीचा आवाज कुठेच नव्हता.

तेव्हा मला माझी चूक कळली. परात तिची, हे मी तिला सांगितलं होतं, चौघींना सांगितलं होतं. यजमानाला सांगितलं नव्हतं. त्याच्यासाठी परात अजून माझीच होती आणि ती माझी एक बाई होती. ती बिचारी माहेरच्या गावात, जिथे लहानपणी हुंदडली तिथल्या मोठ्या माणसांसमोर, एकटी नाही म्हणून उभी होती, आणि तो माणूस तिच्या डोक्यावरून मला फोन करत होता.

नवा गहू, वरून घाईत दळलेला. चक्कीतून गरम निघालेलं पीठ तसंच पोत्यात बांधलं तर त्याला घाम येतो, मग तार येत नाही, हे मला माहीत आहे. पण ते पीठ खरंच तसं होतं का? मी ते हातात घेतलेलं नव्हतं. असंही असेल की ती घाबरली असेल. पहिल्यांदा परातीवर बसलेलं माणूस घाबरून पिठाला दोष देतं, मीही दिला होता माझ्या वेळी. तिला फोनवर घेऊन विचारावं, चिमूट ओली कर, बोटांत ताण, काय होते ते सांग. एवढं विचारायला काय हरकत? पण विचारलं की परात पुन्हा माझी झाली. मग मी फोनवरून कणीक मळणार, आणि ती पुन्हा हात गुडघ्यावर ठेवून बसणार.

माझे पाय खाटेवरून खाली आले होते, मला कळलंही नाही. नाचणगाव काही लांब नाही, ऑटो केला तर तासाभरात. सूनबाईने माझ्या चपला उचलल्या आणि कपाटावर ठेवल्या.

"भाऊ," मी फोनमध्ये म्हणाले, "मले दिसत नाई. पीठ तिच्या हातात आहे, माह्या नाई. आज तिथं ती म्हनन तेच."

"म्हनजे तुमी काईच नाई सांगत?"

"सांगतलं ना. ती म्हनन तेच. हे तुमाले आधीच सांगाले पायजे होतं, ते मी इसरली. माफी करजा."

त्याने फोन आपटला असावा. मी सुनेला म्हणाले, आज कोणाचाही फोन आला तरी मला देऊ नको.

मग सुरू झालं बसणं. मला रिकामं बसता येत नाही. टीव्ही पाहायचा नाही, तांदूळ निवडायचे नाहीत, वाकायचं नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही. बसल्या जागी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते, नव्या गव्हाला, चक्कीवाल्याला, नवरीच्या बापाला, नाचणगाववालीला, डॉक्टरलाही. मांडवात पत्रावळी पडल्या आहेत आणि भाजीबरोबर नुसता भात वाढतायत, हे चित्र दहा वेळा पाहिलं. आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. मधून मधून असंही वाटत होतं की बिघडावं थोडं. फार नाही. काकू असती तर असं झालं नसतं, एवढं कोणीतरी म्हणावं इतपत. मी स्वतःला अशी ओळखत नव्हते असं नाही, पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

दुपारी सुनेने भाकरी दिली. अर्धी खाल्ली. थेंब घातले. वर बघा म्हणाली, वर बघितलं.

उन्हं उतरल्यावर टेम्पो वाजला. मडक्यांचा खडखड आवाज आला. मी मोजत होते, सहा नेली होती, आवाजावरून सहा वाटली. मग बांगड्या, मग धुराचा वास. सुनेने सगळ्यांना ओसरीच्या खालीच थांबवलं, "धूर अंगावर घेऊन यांच्याजवळ जाऊ नका, आधी हातपाय धुवा." एरवी ती माझ्या मैत्रिणींना असं बोलली असती तर मी ऐकून घेतलं नसतं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मी म्हणाले, एकीनं बोला. अर्थात सिंदीवाली बोलली.

"काकू, हिनं तं कमालच केली. चिमूटभर पीठ घेतलं, पानी लावलं, ताणलं, तं पुटकन तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तुटलं. मंग उठली अन् परात उलटी केली. एक शब्द बोलली नाई. आमाले वाटलं, आता आपल्याले पोत्यात घालून नदीत टाकतेत हे लोकं."

"मंग?"

"मंग तो भाऊ तुमच्याशी बोलून आला, तोंड हे एवढं. म्हने, तुमची काकू बी येडीच झाली. मंग हिले म्हने, बोल बाई, काय करू? तवा ही बोलली."

"काय बोलली?"

आता नाचणगाववाली स्वतः पुढे आली. पदराला हात पुसत म्हणाली, "त्यायच्या भावाच्या कोठीत मागच्या सालचा गहू राह्यते, मले माहीत होतं. लहानपनी आमी त्या कोठीमागंच लपाचो. म्हनलं तो काढा, दळा, पन घाई करू नका, अन् आल्यावर धोतरावर पसरून थंडा होऊ द्या. मंग मी बसतो."

"अन् उशीर?"

"दोन घंटे झाला."

"अवं माय!"

"काई नाई झालं," सिंदीवाली मध्येच म्हणाली. "वरातच अडीच घंटे उशिरा आली. नाचून राह्यले होते रस्त्यात. आमीच त्यायची वाट पाहत बसलो, रोट्यायच्या घड्या घालून."

मी हसले. डॉक्टरने जोरात हसू नका असं सांगितलं होतं, हे नंतर आठवलं. एकदम भूक लागली.

नाचणगाववालीने फडक्यात बांधलेल्या दोन रोट्या माझ्या मांडीवर ठेवल्या. संध्याकाळचं मला काही नीट दिसत नव्हतं, म्हणून मी बोटांनी पाहिलं. मधून पातळ, लुगड्याच्या पदरासारखी. तार चांगली आली होती. एक तुकडा तोडून तोंडात घातला. मीठ बरोबर. आता काही तरी बोलायला पाहिजे होतं, सगळ्या वाट बघत होत्या.

"काठाले जाड आहे," मी म्हणाले.

"तुमची बी राह्यते," नाचणगाववाली म्हणाली. "आमी बोलत नोतो."

सून आत गेली, हसायला गेली असणार. मी दुसरा तुकडा तोडला आणि खात राहिले. इतकी वर्षं काठाला जाड रोट्या काढल्या आणि एकीनेही सांगितलं नाही. सांगणार कशा? त्यांच्या हातात काही होतंच कुठे?

महिना झाल्यावर डॉक्टरने डोळा तपासला आणि म्हणाला, झकास. काळा चष्मा गेला. मी बाहेर आले तर रस्त्यापलीकडच्या दुकानावरची पाटी वाचता आली. ऑटोत बसून मी सुनेला बोरगाव येईपर्यंत सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या, ती कंटाळली.

चार दिवसांनी आमचं सिंदी मेघेत एक काम होतं, बारशाचं. मी गेले. चुली पेटलेल्या होत्या, मडकी पालथी होती आणि परातीवर नाचणगाववाली बसली होती. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. हे कधी झालं मला ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात ती अजून नवी सूनच होती.

तिने मला पाहिलं. हात कणकेत कोपरापर्यंत. ती उठायला लागली, परात माझ्याकडे सरकवायला लागली. मला वाटलं होतं, या वेळी वाईट वाटेल. मी रस्त्याने त्याची तयारी करून आले होते. पण मला दिसलं ते एवढंच की चुलीतून धूर निघतोय, तो परातीकडे जातोय, आणि मला तिथे बसायचं नाही. मला बसावं लागणार नाही. खांदे आपोआप सैल झाले.

"बस," मी म्हणाले. "कुठं चालली? मले काम सांग."

तिने इकडे तिकडे पाहिलं. मला काम सांगायची तिला सवय नव्हती. मग मान खाली घालून म्हणाली, "त्या बाजूले बसा, काकू. घड्या करजा."

मी धुरापासून लांबची जागा पाहून बसले. पाय पसरले. समोर पाटीत रोट्या पडायला लागल्या, एक, दोन, पाच. मी हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले.

"काकू," सिंदीवाली ओरडली, "रोट्या थंड्या होऊन राह्यल्या! करा ना घड्या!"

"मले करजा म्हनलं," मी म्हणाले. "करा कुठं म्हनलं?"

नाचणगाववालीने कणीक परातीत जोरात आपटली. तिचं तोंड हसण्याने लाल झालं होतं, पण आवाज पक्का होता.

"करा," ती म्हणाली. "आत्ता करा."

मी केल्या.